दहा सूत

“चिमटा बदललाय ना? मग झालं तर. पण यांना कळता कामा नये हं. कळलं तर घर डोक्यावर घेतील.”

सूतसाहेबांनी हातातला रबरी चेंडू दाबायचा थांबवला. डॉक्टरांनी सांगितलेल्या पन्नास दाबांपैकी हा एकतिसावा. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आत बायको फोनवर बोलत होती, तीही अगदी दबक्या आवाजात. अशा आवाजात माणूस एकतर घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलतो, नाहीतर कुणाविरुद्ध तरी कट करतो. आजारी माणूस तर इथे पॅसेजमध्ये खुर्चीवर बसला होता, आणि त्याच्याबद्दल बोलायला आता कुणाला आवाज खाली करावा लागत नव्हता. म्हणजे कटच असणार.

फोन ठेवल्याचा आवाज आला तसे ते मोठ्याने म्हणाले, “बत्तीस... तेहतीस...”

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. “झाले का पन्नास?”

“कुणाचा फोन होता?”

“कुणाचा नाही.”

“कुणाचा नाही, तर मग बोलत कुणाशी होतीस?”

“अहो, बहिणीचा हो. दुसरं कोण फोन करतंय मला?”

मेव्हणी रविवारी दुपारी दोन ते चार झोपते आणि तेव्हा घराला आग लागली तरी ती उठत नाही, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. आत्ता पावणेतीन वाजले होते. सूतसाहेबांनी ही नोंद मनात करून ठेवली आणि चौतीस म्हटलं.

बायको वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तेव्हा ते स्वयंपाकघरात शिरले. चिमटा नेहमीच्या खिळ्याला टांगलेला होता. त्यांनी तो काढून उजेडात धरला. डावा पाय टोकाशी जरा वाकलेला. मुलगा लहान असताना त्याने कुलूप उघडायला घेतला होता, तेव्हापासूनचा. म्हणजे चिमटा तोच होता. मग बदललं काय? त्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि चिमटा मोजायला घेतला, इतक्यात मागून आवाज आला.

“काय चाललंय?”

“काही नाही. पाणी प्यायला आलो होतो.”

“चिमट्याने पिता?”

ती हसली खरी, पण त्यांच्या हातात चिमटा बघताच आधी ती दचकली होती. सूतसाहेबांनी तीही नोंद केली आणि चिमटा परत खिळ्याला लावला.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार-गवंड्यांचं माप ते. सूतसाहेब पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला नग हातात घ्यायचा, त्याला गेज लावायचं, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूच्या पेटीत टाकायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मॅनेजर पाहणीला आले, तेव्हा सगळे माना खाली घालून उभे असताना हे म्हणाले होते, “साहेब, तुमचा टाय दोन सूत डावीकडे गेलाय.” त्या दिवसापासून खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. बायको तर म्हणायची, “आमचं सूत जमायला वर्ष लागलं. हे आधी मोजून बघत होते.” संशय हा त्यांचा धंदा होता, स्वभाव नव्हता. पण एकतीस वर्षांनंतर त्या दोहोंमध्ये कागद सरकवायलाही जागा राहिली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मानेचं ऑपरेशन झालं. दोन मणके एकमेकांना जोडून टाकले. डॉक्टर भला माणूस. जाताना म्हणाला, “आता आकाश बघावंसं वाटलं तर आडवं होऊन बघायचं.” बाकी सगळं करायला परवानगी होती, सायकलसुद्धा; अट एकच, मानेला ताण द्यायचा नाही.

आणि अडलं होतं ते तिथेच. कारण सूतसाहेबांची सायकल म्हणजे काही चारचौघांसारखी सायकल नव्हती. नोकरी लागली त्याच वर्षी घेतलेली, गर्द हिरवी, आणि तिचं हँडल पार खाली बसवलेलं. तरणेपणी ते हँडलवर ओणवे होऊन कारखान्याची बस मागे टाकायचे. बस मागे पडायची बंद झाली, उलट धूर सोडून पुढे जायला लागली, तरी हँडल जागचं हललं नव्हतं. हॉस्पिटलात मुलगा जपून म्हणाला होता, “बाबा, हँडल जरा वर घेऊ या का?” त्यावर कॉटवरून उत्तर आलं, “हँडल उंच म्हातारे घेतात. एक सूत जरी वर गेलं, तरी मी परत कारखान्याचं तोंड बघणार नाही.” मग मुलाने कारखान्याच्या बसच्या पासचा फॉर्म आणला. तो फॉर्म सूतसाहेबांनी चार घड्या करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला. टेबल मात्र सुतासारखं सरळ झालं.

“सोमवारी जाईन तर सायकलवर जाईन,” त्यांनी जाहीर केलं. “नाहीतर राजीनामा देऊन घरी बसेन.”

निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. घरी बसले असते तर काय झालं असतं, याचा नमुना बायकोने दोन महिने पाहिला होता. सगळ्या तसबिरी सरळ करून झाल्या होत्या, दारांच्या फटी मोजून झाल्या होत्या, तिच्या पोळपाटाचा एक पाय आखूड असल्याचं सिद्ध झालं होतं. मोजण्यासारखं घरात काही उरलं नाही, की माणूस गप्प बसायचा. तासन् तास. तेच तिला जास्त भिववायचं.

कटाचे आणखीही पुरावे होते. गुरुवारी ते मुलाबरोबर तपासणीला हॉस्पिटलात गेले होते. बायको दरवेळी बरोबर यायची. त्या दिवशी म्हणाली, गुडघा दुखतोय. परत येऊन बघतात तर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पॅसेजच्या भिंतीवर आलेलं, सायकल टेकवतात नेमकं तिच्या मागे.

“हे इथे कशाला?”

“येता-जाता तारीख दिसते.”

“इथे उजेड कुठाय?”

“मला दिसतं,” ती म्हणाली होती आणि न दुखणाऱ्या गुडघ्याने भराभर आत गेली होती.

कॅलेंडर वाकडं होतं. त्यात नवल काही नव्हतं, तिने आयुष्यात एक वस्तू सरळ टांगली नव्हती आणि त्यांनी तिची टांगलेली एक वस्तू वाकडी राहू दिली नव्हती. पण मध्ये सायकल होती आणि तिच्यावरून ओणवं व्हायची बंदी होती, म्हणून ते तसंच राहिलं.

सोमवारी सकाळी त्यांनी सायकल बाहेर काढली. बायको दारात उभी राहिली, मुलगा खिडकीत. दोघंही काही बोलेनात. एरवी ‘सावकाश जा’, ‘रुमाल घेतला का’ चालू असतं. सूतसाहेबांनी पायडलवर पाय ठेवला, टांग मारली, आणि बसल्या बसल्याच त्यांना कळलं की काहीतरी वेगळं आहे.

काय ते नेमकं सांगता येईना. सीटवर टेकलं की डाव्या पायाचा चवडा जमिनीला लागायचा, आता नुसता अंगठा लागला. हँडल दिसत होतं तिथेच, दांड्यावर एक सूतही वर नव्हतं, तरी हात जरा लवकर पोचले. गल्लीत सायकल हळू चालली तेव्हा पुढचं चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडायला बघू लागलं. हट्टी वासरू दाव्याला ओढ देतं ना, तसं. मोठ्या रस्त्याला लागून वेग घेतला तर मात्र हीच सायकल सरळ रेषेत, शहाण्यासारखी धावू लागली. पूर्वी कधी धावली नव्हती इतकी सरळ. सूतसाहेबांना ते सरळपणच खुपलं. एकतीस वर्षं ज्या बाईने उलट उत्तर दिलं ती एकाएकी ‘हो जी’ म्हणू लागली, तर नवऱ्याने काय समजावं?

कारखान्याच्या गेटात वळायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. उजवा हात हँडलवर, डाव्या हाताने छातीवरचा बिल्ला जरासा उचलायचा, वॉचमन सलाम ठोकतो न ठोकतो तोच आत. न थांबता. आजही त्यांनी वेग कमी केला, डावा हात सोडला, आणि चाक धाडकन आत पडलं. पाय टेकायला गेले तर जमीन जिथे हवी तिथे नव्हती. वॉचमनने धावत येऊन कॅरिअर धरलं म्हणून निभावलं.

“सावकाश, साहेब! सवय मोडली का गाडीची?”

तेवढ्यात बस आली होती. बसमधून उतरणारे फिटर उभे राहून बघत होते. त्यातला एक काळजीने “लागलं का हो?” म्हणाला. तो हसला असता तरी चाललं असतं, पण काळजी सूतसाहेबांना सोसली नाही. सायकल हातात धरून ते चालत आत गेले.

दिवसभर ते नग तपासत होते आणि मनात घरातली माणसं तपासत होते. मुलाला बस हवी. बायको मुलाच्या बाजूची. सायकलीत काहीतरी करून ठेवलं, की म्हातारा एकदा आपटेल आणि गुपचूप बसच्या रांगेत उभा राहील. सुतावरून स्वर्ग गाठण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण आज त्यांना वाटलं की आपण स्वर्ग नव्हे, नेमकं आपलं घरच गाठलंय.

संध्याकाळी घरी आले तर दाराला कुलूप. बायको भाजी आणायला गेली असावी. त्यांनी आपल्या किल्लीने दार उघडलं, सायकल पॅसेजमध्ये घेतली आणि रोजच्या जागी भिंतीला टेकवली. हँडलची मूठ भिंतीवर न टेकता कॅलेंडरच्या कागदावर टेकली. कागद कुरकुरला.

ते तसेच थांबले. मग सायकल बाजूला घेऊन त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि खुर्चीवर ठेवलं.

त्याच्याखाली मुठीची खूण होती. एकतीस वर्षं रोज त्याच जागी मूठ टेकून रंग गेला होता, मग गिलावा झिजला होता, आणि आता तिथे रुपयाएवढा काळा, गुळगुळीत खळगा होता. दोनदा घर रंगवलं तेव्हा बायकोने तो बुजवायला सांगितलं होतं आणि यांनी बुजवू दिला नव्हता. त्यांनी सायकल पुन्हा टेकवली. मूठ खळग्याच्या वर बसली, बरीच वर. त्यांनी पट्टी काढली. एक इंच दोन सूत. म्हणजे दहा सूत.

हँडल दांड्यावर तसूभर हललं नव्हतं आणि तरी सगळं पुढचं अंग दहा सूत वर आलं होतं. मग वाढलं ते खाली. खाली काय असतं? चाक तेच होतं. चाकाला धरणारे ते दोन पाय...

“चिमटा!” सूतसाहेब रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले.

सायकलच्या दुकानात त्याला चिमटाच म्हणतात. हे एकतीस वर्षं ठाऊक असून आपण स्वयंपाकघरातला चिमटा मोजत बसलो, याची त्यांना आधी लाज वाटली आणि मग त्या लाजेचाही राग आला. त्यांनी सायकल उजेडात आणली. चिमट्याला हिरवा रंग होता, जुना दिसावा म्हणून वर राख चोळलेली. नखाने खरवडलं तर खालून लाल निघाला. हा सामान वाहायच्या सायकलीचा चिमटा, उंच आणि जास्त वाकाचा. ब्रेकचे हातसुद्धा लांब घातले होते, आणि मधली फट दिसू नये म्हणून मडगार्ड खाली ओढलं होतं. काम सफाईचं होतं, एवढं त्यांना मान्य करावंच लागलं. घरच्या माणसांनी केसाने गळा कापला होता, आणि तोही सुबक.

सायकलचं दुकान तिसऱ्या गल्लीत होतं. तिथे पूर्वी उस्ताद बसायचे. उस्ताद गेल्यावर त्यांची मुलगी बसू लागली, त्याला बारा वर्षं झाली. बाई चाळिशीची, हात काळे, बोलणं मोजकं. सूतसाहेब तिच्याकडे फक्त हवा भरून घ्यायचे आणि तीही उभं राहून.

“माझा चिमटा कुठाय?”

तिने मान वर केली. उगाच ‘कुठला चिमटा’ वगैरे म्हणाली नाही. “आहे, काका.”

“आहे म्हणजे? भंगारात गेला असेल तर आत्ताच सांग. तुझ्या वडिलांनी परक्या माणसाच्या सायकलचा वायसरसुद्धा न विचारता बदलला नसता!”

“बरोबर आहे,” ती म्हणाली आणि भिंतीकडे बोट केलं.

ट्यूबांच्या माळेशेजारी एका स्वतंत्र खिळ्याला त्यांचा चिमटा टांगला होता. पुसलेला, तेल दिलेला. त्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली होती. अक्षर बायकोचं, नेहमीसारखं उजवीकडे उतरत गेलेलं. ‘जपून ठेव. मागायला येतील.’

सूतसाहेबांनी ती दोनदा वाचली. कटातला माणूस आपलाच पुरावा असा लेबल लावून ठेवतो, हे त्यांच्या अनुभवात बसेना.

“कुणाचं डोकं हे? मुलाचं?”

“काकूंचं. त्यांनी विचारलं, हँडलला हात न लावता हँडल वर येईल का. मी म्हटलं, येईल. चिमटा उंच घातला की पुढचं सगळंच अंग वर येतं, हँडल जरा तुमच्याकडेही सरकतं. पण फुकट काही मिळत नाही. सीट मागे कलते, तिचं नाक मी खाली केलं. जमीन थोडी लांब जाते. आणि सायकलचं डोकं, म्हणजे हँडलची नळी, मागे कललं की वेगात छान सरळ जाते, पण हळू केली तर चाक बाजूला पडतं. वाक जास्त असलेला बघून घातला म्हणून एवढ्यावर भागलं. हे तुम्हाला सांगायला हवं, असं मी काकूंना म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, सांगितलं तर ते बसणारच नाहीत.”

“मी पडलो असतो गेटात!”

“ती चूक माझी,” ती म्हणाली. “मी कसंही करून सांगायला हवं होतं.”

चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायची सूतसाहेबांना सवय नव्हती. कारखान्यात तसं कुणी करत नसे. “पण कशासाठी?” ते म्हणाले. “मी सायकल चालवू शकत नाही, हे तिला सांगितलं कुणी?”

ती हातातला पाना पुसू लागली. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

“काकूंनी बघितलं तुम्हाला. हॉस्पिटलातून आल्यावर, एका दुपारी. तुम्ही स्टँडवर लावून सायकलवर बसला होतात. म्हणाल्या, हँडल धरलं, पण मान वर होईना. बराच वेळ तसेच बसले, मग उतरले आणि तोंड धुऊन आले.”

ती दुपार सूतसाहेबांनी स्वतःलाही पुन्हा सांगितली नव्हती. पॅसेजमध्ये तेव्हा कुणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, इतकंच.

“तेव्हा मान आखडलेली होती,” ते म्हणाले. “आता मोकळी झालीय. माझा चिमटा बसव.”

“काका...”

“बसव म्हणतो ना.”

तिने बसवला. अर्धा तास लागला. सूतसाहेब स्टुलावर न बसता उभे राहिले आणि प्रत्येक नट किती पिळला ते बघत राहिले. चूक काढायला एकही जागा सापडली नाही. ब्रेक लावून बघितला, चाक फिरवून बघितलं, टांग मारली आणि निघाले.

चवडा जमिनीला लागला. चाक गल्लीत गुमान चाललं. हात लांब जाऊन आपल्या जुन्या जागी पडले आणि पाठ आपोआप ओणवी झाली. सूतसाहेबांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी घंटी उगीचच वाजवली. समोर मडगार्ड होतं, त्याचं तांबडं टोक, चाकाखाली सरकणारा रस्ता, खडी, एक चपटा झालेला डबा. पुढचं बघावं म्हणून त्यांनी मान वर केली.

मान आली नाही. त्यांनी डोळे वर केले. भुवयांच्या खालून चार-पाच हात रस्ता दिसला, त्यापुढे काही नाही. जोर लावला तसं मानेतून खांद्यापर्यंत काहीतरी सरसरत गेलं. इतक्यात त्यांना एक टायर दिसलं. मोठं, काळं, उभं. दोन्ही ब्रेक दाबले. चाक जाऊन त्या टायरला टेकलं.

वळणावर दुधाचा टेम्पो उभा होता. आत कुणी नव्हतं, रस्त्यावरही कुणी बघत नव्हतं.

‘पोरीने चुकीचा बसवला.’ पहिला विचार हाच आला. त्यांनी सायकल टेम्पोला टेकवली, गुडघ्यावर बसले आणि चाकाच्या आसापासून चिमट्याच्या वरच्या वाटीपर्यंत पट्टी लावली. पंधरा इंच सहा सूत. सायकल घेतली त्या दिवशी दुकानात त्यांनी स्वतः मोजलं होतं, तेवढंच. केसाचाही फरक नव्हता.

ते तिथेच बसून राहिले. सकाळी आपण चार किलोमीटर गेलो आणि सगळा रस्ता बघत गेलो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. पूल दिसला होता, पुलावरची माणसं दिसली होती, लांबून येणारी बस दिसली होती. दिवसभर त्यांनी त्या सायकलचे दोष मोजले होते. दिसत होतं हे मोजायचं राहून गेलं. माप बरोबर होतं, चिमटा बरोबर होता. गेजात न बसणारा नग कुठला, हे आता दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी किती नगांना लाल ठिपका दिला असेल याचा हिशोब नाही, पण त्या नगाला काय वाटत असेल हे त्यांना प्रथमच कळलं. आपण म्हातारे झालो याचं त्यांना फार, फार वाईट वाटलं.

मग ते उठले, गुडघे झटकले आणि सायकल हातात धरून परत चालू लागले.

उस्तादांच्या मुलीने दुकान आवरलं नव्हतं. उंच चिमटा अजून टेबलावरच पडला होता आणि शेजारी पाने मांडून ठेवलेले होते.

सूतसाहेबांनी सायकल स्टँडवर लावली. खाकरले. “हा चिमटा आखूड आहे,” ते म्हणाले. “दहा सूत.”

“हो, काका.”

“पहिल्यापासूनच असणार. घेताना तपासायचं राहून गेलं.”

“होतं असं कधीकधी,” ती म्हणाली आणि चाक सोडवायला बसली. हसली नाही. सूतसाहेबांनी नीट बघितलं, अजिबात हसली नाही.

या वेळी ते स्टुलावर बसले. काम होत आलं तसं ती सायकलकडे बघतच बोलली, “हिला सांगते मी, वळताना एकदम हळू होऊ नकोस आणि वळून होईपर्यंत एकही हात सोडू देऊ नकोस.”

“ऐकेल ती?”

“नवीन आहे. आठ दिवसांत ऐकेल.”

जुना चिमटा तिने पुन्हा खिळ्याला लावला. चिठ्ठी अजून त्यालाच लोंबत होती. “ही सोडू का?” तिने विचारलं.

“असू दे,” सूतसाहेब म्हणाले. निघताना, कारण नसताना, थांबून त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. “उस्तादांचा हात आहे तुझा.”

घराचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. कॅलेंडर खुर्चीवर, त्यांनी ठेवलं होतं तसंच पडलेलं होतं. म्हणजे बायको आली होती, तिने ते पाहिलं होतं आणि हात लावला नव्हता.

“आलात?” आतून आवाज आला, जरा जास्तच सहज. “उशीर झाला?”

“पंक्चर होतं.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. “कुठलं चाक?”

“पुढचं.”

“मग? निघालं?”

“निघालं.”

त्यांनी सायकल लगेच टेकवली नाही. आधी कॅलेंडर उचललं, खिळ्याला लावलं. खळगा झाकला गेला. खिशातून पट्टी काढून त्यांनी छतापासून दोन्ही कोपरे मोजले, डावा दोन सूत वर घेतला, पुन्हा मोजले. सरळ झाल्याची खात्री झाल्यावर मग सायकल टेकवली. मूठ कागदावर टेकली, दहा सूत वर. कागद कुरकुरला.

बायको हात पुसत बाहेर आली. तिने आधी सायकलकडे पाहिलं, पुढच्या चाकाकडे, चिमट्याकडे. मग कॅलेंडरकडे. तिच्या हातून ते इतकं सरळ टांगलं गेलेलं नव्हतं, कधी गेलंही नसतं. सूतसाहेब खुर्चीवर बसून रबरी चेंडू दाबू लागले. एक. दोन.

“चहा टाकते,” ती म्हणाली.

आत जाताना ती सायकलपाशी जराशी थांबली आणि एका बोटाने कॅलेंडर पुन्हा होतं तितकं वाकडं करून गेली.

दोन सूत, डावीकडे. सूतसाहेबांनी ते बसल्या जागेवरून बघितलं. उठले नाहीत. चेंडू दाबत राहिले.